डिटेक्टिव्ह किट : गोष्टीच्या तासाला किती कामाचं?

शाळांना सुट्टी लागली की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची क्लबहाउसं असोत की नौपाड्यातली वाचनालयं, मुलांसाठी गोष्टीचा तास सुरू होतो आणि त्यात एक दिवस रहस्यकथेचा असतोच. त्या दिवसासाठी बरेच जण ऑनलाइन 'डिटेक्टिव्ह किट' मागवतात. पुठ्ठ्याचा डबा, वर टोपीवाल्या माणसाची सावली. आत भिंग, अदृश्य शाईचं पेन, ठसे उठवायची पावडर आणि ब्रश, इंकपॅड, सांकेतिक चक्र, बिल्ले, पिवळी-काळी पट्टी आणि एक इंग्रजी 'केस फाइल'. कंपनी कुठलीही असो, सामान थोड्याफार फरकाने हेच.

हा आढावा कुठल्या एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या संचाचा आहे. कसोटी एकच लावली आहे: ६ ते १० वर्षांची १५ मुलं, पाऊण तास, एक हॉल आणि मराठीतून सांगितलेली गोष्ट. घरी एकट्या मुलाला खेळायला हे किट कसं, हा प्रश्न वेगळा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. किट हाताशी असेल तर वापरायला हरकत नाही, पण त्यातलं निम्मं सामान बाजूला काढावं लागतं आणि त्यातली गोष्ट तर अजिबात वापरू नये. किट बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक मूल आणि एक टेबल असतं. गोष्टीच्या तासाला मात्र पंधरा जणांच्या हातांना एकाच वेळी काम लागतं, आणि उत्तर त्यांचं त्यांना सापडावं लागतं. गोष्ट सांगणाऱ्या ताईने शेवटी स्वतःच उत्तर सांगून टाकलं, तर तेवढ्यापुरता तो तास फुकट गेला.

विकत घेण्याआधी

डबा उलटा करून आधी आयएसआयची खूण शोधा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक. खूण नसेल तर पुढे बघायचंच नाही.

दुसरी तपासणी अदृश्य शाईच्या पेनाच्या टोपणाची. त्यात छोटा जांभळा दिवा असतो आणि तो बटणाएवढ्या सेलवर चालतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. नखाने उघडत असेल, तर ते पेन लहान मुलांत आणू नका. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. पंधरा मुलांच्या गर्दीत एखादा सेल कधी खाली पडला हे कोणाच्याही लक्षात येत नाही. तासाआधी आणि तासानंतर पेनं मोजायची, आणि झाकणं बघायची. यात कंटाळा करून चालत नाही.

भिंग: घ्यावं

किटमधली सर्वात उपयोगी वस्तू. प्लॅस्टिकचं, दोन ते तीन पट मोठं दाखवणारं, ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाचं भिंग पुरतं. काचेचं नको: पडलं की फुटतं, आणि खिडकीतल्या उन्हात राहिलं तर खालचा कागद जाळू शकतं. ऊन आणि प्लॅस्टिकचं भिंग ही जोडीसुद्धा टाळावीच.

किटमध्ये भिंग एकच असतं. चार-चारच्या गटाला दोन भिंगं हवीत, म्हणजे एकूण आठ. प्रत्येकाला एक दिलं, तर मुलं खुणा सोडून एकमेकांचे डोळे बघत बसतात. दोघांत एक असलं की एक बघतो, दुसरा लिहितो, आणि मग दोघं बोलू लागतात. मुलं आपसात बोलली की उत्तरापर्यंत पोचतातच.

अदृश्य शाईचं पेन: ठीक, पण कागद बदला

जवळपास सगळे इथे फसतात. किटच्या पेनाने झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदावर लिहायचं, जांभळा दिवा मारायचा, आणि काहीच नीट दिसत नाही. पेन बिघडलेलं नसतं. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जे चमकद्रव्य घातलेलं असतं, ते जांभळ्या उजेडात स्वतःच निळं चमकतं आणि त्या चमकेत शाई बुडून जाते. या पेनांच्या दिव्याचा उजेड बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्याला जांभळा दिसणारा असतो. त्यामुळे फरक आणखी कमी वाटतो.

उपाय सोपा आहे. खाकी पाकीट घ्या, किंवा पुठ्ठ्याची करडी बाजू. खाकी कागदावर दिवा फिरवला की आधी नुसता काळपट जांभळा गोल सरकताना दिसतो. मग एका जागी हिरवट रेघ उगवते, पुढे सरकावं तशी तिची टोकं जुळत जातात आणि छत्रीची मूठ तयार होते. त्या दोन सेकंदांसाठी हे पेन ठेवावं.

हॉलला मोठ्या खिडक्या असतील तर अंधारपेटी करा. बुटांचं मोठं खोकं आतून काळ्या कागदाने मढवायचं. वरच्या बाजूला ४ सेंटिमीटरचं एक भोक बघायला, बाजूला हात जाईल एवढं दुसरं, आणि त्याला जुन्या मोज्याचा कापलेला भाग चिकटवायचा, म्हणजे हात आत जातो पण उजेड जात नाही. दिवा कोणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही हे सुरुवातीलाच ठामपणे सांगावं लागतं. पांढरे टी-शर्ट या उजेडात झगझगतात, हे मुलांना अर्ध्या मिनिटात कळतं आणि मग सगळे दिवे शर्टांवर फिरू लागतात. दिवा पेटीतच दोरीने बांधून ठेवला की हे होत नाही.

हळदीची गुप्त लिपी: किटमध्ये नसते, पण किटपेक्षा सरस

आमच्या मते रहस्याच्या तासाला याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि स्पिरिट सोडलं तर सामान स्वयंपाकघरातच असतं. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं, पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. तोच गुण इथे वापरायचा. चुना, साबण, सोडा यांसारखा आम्लारी पदार्थ लागला की हळदीचा पिवळा रंग लालसर होतो.

पाव कप, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर पाण्यात खाण्याचा सोडा एक लहान चमचा सपाट भरून विरघळवा. याहून जास्त घातला तर तो विरघळत नाही आणि वाळल्यावर कागदावर पांढरी पूड दिसते. मग मुलं कागद तिरका धरून हळदीशिवायच सगळं वाचतात. पाणी गाळून घ्या. कापसाच्या काडीने जाड चित्रकलेच्या कागदावर लिहा. वहीचा पातळ कागद सुरकुततो आणि अक्षराची जागा उघडी पडते. जून ते सप्टेंबर ठाण्यात कागद आपोआप वाळत नाही, म्हणून हे काम आदल्या रात्री करून कागद पंख्याखाली ठेवावेत.

उलगडायचा द्रव: ३० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये अर्धा लहान चमचा हळद, झाकण लावून हलवायचं, दहा मिनिटं स्थिर ठेवायचं आणि वरचा स्वच्छ पिवळा द्रव दुसऱ्या बाटलीत काढायचा. पाण्यात हळद जेमतेम विरघळते, म्हणून पाण्याने रंग फिका येतो आणि कण कागदावर घासतात. हात धुवायच्या सॅनिटायझरचं जेल वापरू नका, ते पसरत नाही. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा बाटली मोठ्या माणसाच्याच हातात, खिडकी उघडी आणि आसपास दिवा, उदबत्ती, इस्त्री काही नाही. मुलांना फक्त भिजवलेली कापसाची काडी द्यायची.

काडी कागदावरून एकदाच, हलक्या हाताने, आडवी फिरवायची. कागद पिवळा होत जातो आणि त्या पिवळ्यात मधेच विटकरी रेघ उमटते. मुलांचे हात तिथे थांबतात. दोनदा-तीनदा घासलं तर सोडा पसरतो आणि अक्षराचा धब्बा होतो, म्हणून गटात काडी फिरवणारा एकच. रंग खाण्याच्या सोड्याने नारिंगी-विटकरी येतो. धुण्याच्या सोड्याने गडद लाल येतो, पण तो त्वचेला झोंबतो, तेव्हा नकोच. उलगडलेले कागद उन्हात ठेवले तर हळद उडते. मुलं ते घरी नेणार असतील तर पुस्तकात ठेवायला सांगा.

लिंबाच्या रसाची लिपी मात्र पंधरा मुलांत करू नये. ती उष्णतेने उमटते. पूर्वी पिवळ्या बल्बजवळ कागद धरला की अक्षरं तपकिरी व्हायची. आता घराघरात आणि हॉलमध्ये एलईडी दिवे आहेत, ते कागद तापवण्याइतके गरम होत नाहीत. उरते इस्त्री, आणि मुलांच्या घोळक्यात इस्त्री नको. ४ ते ६ वयाच्या गटासाठी पांढरा मेणखडू आणि वरून जलरंगाचा हात, एवढं पुरतं. रंग मेणावर धरत नाही आणि चित्र दिसतं.

ठशांची पावडर: सर्वात आकर्षक, गोष्टीत सर्वात निरुपयोगी

डब्यावर मोठं चित्र याचंच असतं. पण पेल्यावरचा ठसा उठवून तो कोणाचा हे पाऊण तासात सहा वर्षांच्या मुलाने ओळखावं, ही अपेक्षा चुकीची आहे. लहान मुलांच्या बोटांचे ठसे मोठ्यांच्या मानाने लवकर विरून जातात, कारण त्यातली बरीच द्रव्यं उडून जाणारी असतात. शिवाय ठाण्याच्या दमटपणात बोटं ओली असतात आणि ठसा फरफटतो. पावडर जास्त पडली की सगळाच पेला काळा. डोक्यावर पंखा असेल तर पावडर नाकात. तेव्हा पावडर आणि ब्रश डब्यातच राहू द्या.

ठसे मात्र सोडू नका, त्यांची जागा बदला. मुलं येत असतानाच प्रत्येकाचं 'शोधपथक ओळखपत्र' करायचं. ६बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणाऱ्या पेन्सिलीने कागदावर दाट काळं करा, बोट त्यावर घासा, बोटावर पारदर्शक टेप दाबा आणि ती टेप पांढऱ्या कार्डावर चिकटवा. किटच्या इंकपॅडपेक्षा ठसा स्वच्छ येतो आणि हात ओल्या कपड्याने पुसले की झालं. एका मुलाला मिनिटभर लागतं, म्हणून तीन ठिकाणी सोय हवी, नाहीतर दारातच रांग लागते.

मग भिंगाने आपापला ठसा बघू द्या. आज्या बोटांवरची चक्रं आणि शंख मोजतात, तीच ओळख इथे कामाला येते. गोल गोल फिरणारी रेषा म्हणजे चक्र, एका बाजूने येऊन वळून परत जाणारी म्हणजे शंख, आणि नुसती टेकडीसारखी उठून पलीकडे उतरणारी म्हणजे कमान. माणसांच्या ठशांत शंख साधारण ६० ते ६५ टक्के, चक्र ३० ते ३५ टक्के आणि कमान जेमतेम ५ टक्के. पंधरा मुलांत एखादं कमानवालं निघालं तर त्याचा दिवस बनतो. इथेच मुलांना सांगावं की ठशांवरून माणूस ओळखणारं जगातलं पहिलं सरकारी कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. शोधक म्हणजे परदेशी टोपीवाला, हे डब्यावरचं चित्र तेवढ्याने पुसलं जातं.

सांकेतिक चक्र: फेकू नका, पण मराठीत चालत नाही

ए ते झेडचं चक्र मराठी शब्दांना लावता येत नाही. क चा ग करत चक्र फिरवायचं ठरवलं तरी काना, मात्रा, वेलांट्यांचं काय करायचं हा घोळ उरतोच. त्यापेक्षा आपल्या वर्णमालेतच सुंदर कोष्टक तयार आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग म्हणजे १ ते ५, आणि वर्गातली जागा म्हणजे पुन्हा १ ते ५. क म्हणजे ११, ख १२, ड ३३, त ४१, म ५५. य र ल व सहाव्या ओळीत ६१ ते ६४, श ष स ह ळ सातव्या ओळीत ७१ ते ७५. काना, वेलांट्या, उकार आकड्याच्याच अंगावर जसेच्या तसे ठेवायचे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना वर्णमालेचा क्रम पाठ नसतो, म्हणून हे कोष्टक ए-३ आकारात मोठं काढून भिंतीवर लावावं.

सरावाला ठाण्याचेच शब्द घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. सुलतान म्हणजे ७३ ला पहिला उकार, ६३, ४१ ला काना, ४५. मुलांना हे दोन मिनिटांत जमतं.

चुका होतात त्या जोडाक्षरांत. 'छत्री', 'शिक्का', 'पुस्तक' हे शब्द संकेतात घालू नयेत. तिथे चित्र काढावं आणि संकेत सरळ शब्दाला द्यावा: 'बादली', 'खिडकी', 'तलाव'. एका संकेतात एकच शब्द, फार तर दोन. चार शब्दांचं वाक्य दिलं की गटातलं एकच हुशार मूल ते सोडवतं आणि बाकीची तिघं खिडकीबाहेर बघत बसतात.

बिल्ले, पिवळी पट्टी, बेड्या

पिनेचे बिल्ले नकोत, स्टिकर चालतील. पट्टीत पाय अडकतात आणि ती गळ्याभोवती गुंडाळली जाते, तेव्हा तीही नको. काही किटमध्ये प्लॅस्टिकच्या बेड्या येतात. त्या सरळ टाकून द्याव्यात.

किटमधली गोष्ट

हवेलीतला हिऱ्यांचा हार चोरीला गेला, संशयित चार: नोकर, माळी, स्वयंपाकीण आणि पाहुणा. या गोष्टीचं घाईत मराठी करून सांगितलं की मुलांच्या मनात हवेलीच्या जागी आपली सोसायटी येते आणि नोकराच्या जागी आपला वॉचमन. आमचा याला पूर्ण विरोध आहे. वॉचमनकाका, कामाच्या ताई, भंगारवाले, कचरा नेणारे दादा यांना संशयितांच्या यादीत बसवून मुलांना गोष्ट सांगू नये, गंमत म्हणूनही नाही. तास संपल्यावर तीच मुलं त्याच गेटातून बाहेर पडतात, आणि काका तिथेच बसलेले असतात.

चोर नसलेलं रहस्य जास्त चांगलं जमतं. वस्तू हरवते, ती कोणी चोरलेली नसते, ती कुठे गेली हे मात्र विचार केल्याशिवाय कळत नाही. किटच्या भिंगाबरोबर चालेल अशी एक गोष्ट इथे पूर्ण देतो.

जुलैचा दिवस, वाचनालय. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, त्यामुळे वाचनालयाचं टेबल आणि तारखेचा शिक्का ही दृश्यं इथे परकी वाटत नाहीत. तो शिक्काच गायब होतो. त्या दुपारी चार जण आलेले असतात आणि चौघांकडे छत्र्या असतात. सईची आणि टपालवाल्या काकांची घडीची छत्री. आजोबांची आणि चित्रकार मावशींची लांब, वाकड्या मुठीची. उत्तर असं: मावशींनी पट्टा न लावलेली छत्री टेबलाच्या कडेला मुठीने अडकवली होती. अशी लटकवलेली छत्री वरच्या बाजूने पिशवीसारखी उघडी राहते. शिक्का कडेवरून घरंगळून तिच्यात पडला. पाऊस थांबला, आणि पाऊस थांबल्यावर सगळेच विसरतात तशा मावशी छत्री विसरून घरी गेल्या. ती छत्री पूर्ण तासभर हॉलमध्ये, मुलांच्या डोळ्यांसमोर, टेबलाला लटकलेली असते.

खुणांच्या जागा चार. पहिल्या जागी पांढरी लादी किंवा पुठ्ठा, त्यावर टेबलाच्या कडेच्या बरोबर खाली जांभळ्या शाईचे गोल ठिपके. तिरका उडालेला थेंब लांबट होतो, सरळ खाली पडलेला गोल होतो, हे बाजूला चित्राने दाखवायचं. भिंगाने बघून मुलांनी ठरवायचं की शिक्का कोणी नेला नाही, तो इथेच खाली गेला. दुसऱ्या जागी खऱ्या दोन छत्र्या, एक घडीची आणि एक लांब, आणि 'टेबलाला अडकवून बघा' एवढंच लिहिलेलं. तिसऱ्या जागी आजोबांच्या छत्रीचं चित्र आणि खाली ५३ ला काना, ४३, ६३ ला दुसरी वेलांटी. म्हणजे ती दाराजवळच्या बादलीत होती, टेबलापाशी नव्हती. चौथ्या जागी हळदीने उमटणारं घड्याळ, काटे चारवर, शेजारी शिक्क्याचं चित्र, म्हणजे चारपर्यंत शिक्का टेबलावरच होता, आणि उघडं ठेवलेलं रजिस्टर: सई ३.३० ला गेली, काका ३.४५ ला, मावशी ४.२० ला, आजोबा ४.४० ला.

दुसरी आणि चौथी खूण वेगवेगळ्या वाटांनी त्याच दोन छत्र्या वगळतात. हे मुद्दाम केलं आहे. मोठ्यांच्या रहस्यकथेत एक धागा एकदाच आला तरी चालतं. मुलांच्या गोष्टीत एखाद्या गटाची हळद फिकी येते, कोणाचं घड्याळ वाचायचं राहतं, आणि तेवढ्याने तो गट अडकून पडता कामा नये. चकवा एकच ठेवा: खिडकीत मांजराच्या ओल्या पावलांचे ठसे. सहा-सात वर्षांच्या गटात तोही नको. लहान मुलं मांजर सोडतच नाहीत, आणि मग खरं उत्तर ऐकून हिरमुसतात.

वेळेचं गणित आणि हॉल

ओळखपत्रं तास सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत. मग गोष्टीचा पहिला भाग १० मिनिटं, खुणा २० मिनिटं, जागा बदलण्यात ३, उलगडा ८, छत्री उघडणं ४. एकूण ४५. मुलांचे चार गट, ४-४-४-३, प्रत्येक जागेवर पाच मिनिटं. वेळ संपली की घंटा. ओरडून सांगितलं तर ऐकू जात नाही. प्रत्येक जागी एक मोठं माणूस उभं हवं, पण त्याने उत्तर सांगायचं नाही, फक्त 'हे कशावरून?' एवढं विचारायचं.

सगळ्यात जास्त तास फसतात ते खुणांच्या क्रमामुळे. पहिली खूण सोडवल्याशिवाय दुसरी कळत नाही अशी मांडणी केली, तर चारपैकी तीन गट चुकीच्या जागेवरून सुरुवात करतात आणि गोंधळतात. म्हणून प्रत्येक खूण स्वतंत्र सुटली पाहिजे. प्रत्येक गटाला चार छत्र्यांचं चित्र असलेला एक कागद द्या, फुली मारायला. खुणेवरचा मजकूर सहा-सात शब्दांच्या वर नको, आणि अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं. ठाण्या-नवी मुंबईत मराठी उत्तम बोलणारी पण देवनागरी सावकाश वाचणारी मुलं प्रत्येक गटात असतात. वाचायला न लागणारी निदान एक गोष्ट प्रत्येक जागी हवी: चित्र, वस्तू, ठिपका.

पंख्याचा विचार आधी करा. मे महिन्यात तो बंद ठेवता येत नाही आणि चालू असला की खुणांचे कागद उडतात. परीक्षेचे क्लिपवाले पॅड चार मागून आणा, प्रश्न मिटतो.

किट न घेता

आठ भिंगं, ६बी पेन्सिली, टेप, कापसाच्या काड्या, कार्ड, खाकी पाकिटं हे सगळं जांभळी नाका आणि स्टेशन परिसरातल्या दुकानांत एका फेरीत मिळतं. स्पिरिट औषधांच्या दुकानात. महिन्यातून एकदा असा तास घेणार असाल, तर मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटवरून स्टेशनरी घाऊक घ्यावी. आठ भिंगं वेगळी घ्यावीच लागत असतील तर किटचं एक भिंग आणि एक पेन एवढ्यासाठी पूर्ण डब्याचे पैसे मोजण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. किट आधीच घरात असेल तर जरूर वापरा. वाढदिवसाला भेट आलेली दोन-तीन किटं सोसायटीत नक्की निघतात, ती गोळा करणं सर्वात उत्तम.

तास घेणाऱ्यांना बाहेरून बोलावणार असाल, तर त्यांना दोनच गोष्टी विचारा: उत्तर मुलं काढतात की तुम्ही सांगता, आणि तुमच्या गोष्टीत संशयित कोण असतात.

छत्री उघडताना

उलगड्याच्या वेळी प्रत्येक गटाने आपला फुल्या मारलेला कागद धरून एकच वाक्य बोलायचं: 'आम्हाला असं वाटतं, कारण...'. चौथ्या गटाचं बोलणं संपेपर्यंत ताईने छत्रीकडे बघायचंसुद्धा नाही. मुलंच उठून तिच्याकडे जातात. छत्री उभी धरून उघडू नका, शिक्का डोक्यात किंवा पायावर पडतो. सतरंजीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी धरून हळूहळू उघडा. शिक्का आधी छत्रीच्या सुरकुत्यांत घुटमळतो, मग काडीवर आपटून खाली येतो.

मग त्याच शिक्क्याने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर, ठशाच्या शेजारी, त्या दिवसाची तारीख मारायची. शिक्क्याच्या रबरी पट्ट्या आदल्या दिवशी फिरवून बरोबर तारखेवर आणून ठेवा, आणि दोनदा कागदावर उमटवून बघा. तारीख चुकलेली असली तर पहिल्याच कार्डावर ती कोणीतरी पकडतं. नुकतेच पाऊण तास शोध लावून आलेले असतात ते.